खऱ्या इंजिनाची चूक

घरातल्या जेवणाच्या टेबलाला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. जेवायला तर मुळीच नाही. दोन वर्षं नवरा-बायको भिंतीला पाठ टेकून, ताट मांडीवर घेऊन जेवत होते आणि टेबलावर हातभर रुळांच्या तुकड्यावर एक इंजिन उभं होतं. तळहातावर मावेल एवढं. त्याच्या आजूबाजूला कानशी, मेणाच्या कांड्या, सुईएवढी ड्रिलं आणि मान वाकवलेला भिंगाचा दिवा.

या पसाऱ्याच्या मालकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हे गृहस्थ मागच्या खोलीत बसून त्यांवर दात आणि हिरड्या चढवून द्यायचे. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दुसऱ्याच्या तोंडात काय बसेल हे त्यांना अचूक कळे; स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडेल यावर मात्र त्यांचा कधीच ताबा नव्हता.

सध्याच्या रागाला कारण होतं. इंजिनांची मॉडेलं करणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं आणि त्याचं दरवर्षी प्रदर्शन भरे. सार्वजनिक बागेत एक जुनं वाफेचं इंजिन उभं करून ठेवलेलं होतं. त्याचं मॉडेल करायचं, आणि परीक्षक ते खऱ्या इंजिनाशी ताडून बघणार. कवळीवाल्यांनी दुकानातून आणलेल्या मॉडेलचं निम्मं अंग कापून काढलं होतं. पायऱ्या बदलल्या, दिवा दोन केस खाली आणला, वेडेवाकडे दात सरळ करायच्या तारेच्या दांड्या बसवल्या. आणि गेल्या वर्षी पहिला नंबर अर्ध्या गुणाने गेला. का, तर खऱ्या इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचं झाकण होतं आणि यांच्या नव्हतं.

"पाखरं घरटी करतात म्हणून कोणीतरी ते झाकण ठोकलंय," ते वर्षभर भेटेल त्याला सांगत होते. "ते इंजिन आहे का साखरेचा डबा?"

"मग तुम्हीपण लावा की एक झाकण," बायको म्हणाली. "मिटलं."

"चुकीचं काम मी करत नाही."

"नंबर हवाय ना?"

"हवाय. पण बरोबर काम करून हवाय. चुकलंय ते इंजिन. मी नाही."

"बरं. मग माझंपण ऐकून ठेवा. यंदा पहिला नंबर आला नाही, तर टेबल रिकामं करून द्यायचं. माझ्या गुडघ्यांना आता जमिनीवर बसवत नाही."

"दिलं," कवळीवाले म्हणाले. हरण्याचा प्रश्नच नसल्यामुळे त्यांना वचन द्यायला काहीच जड गेलं नाही.

"आणि माझे कपड्यांचे चिमटे कुठायत? बारा होते. दोरीवर चार उरलेत."

"दांडी चिकटवलीय. वाळेपर्यंत काहीतरी धरून ठेवायला नको?"

"आणि ओल्या चादरी कोण धरून ठेवणार? मी?"

यावर कवळीवाल्यांनी ड्रिल सुरू केलं. घरात वाद संपवायची त्यांची ती पद्धत होती.

आता योगायोग असा, की बागेतल्या त्या इंजिनाची देखभाल त्यांच्या साडूकडेच होती. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. स्वभावाने अगदी गरीब गाय. सांगितलेलं काम चोख करायचा, न सांगितलेलं चुकूनही करायचा नाही. नोकरी कंत्राटी, दर सहा महिन्यांनी बागखात्याच्या साहेबांची सही झाली की पुढे सरकणारी. प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले असताना तो चहाला आला आणि सहज म्हणाला, "दादा, आमचं इंजिन रंगवायला काढलंय. साहेब म्हणतात, पूर्वी होतं अगदी तसं करा."

कवळीवाल्यांच्या हातातला कप खाली आला. "झाकण काढणार?"

"काढू की. पण खाली धुराडं सडलंय. नवीनच बनवावं लागणार. आता ते मुळात कसं होतं, हे कोणाला माहीत?"

"मला माहीत आहे. फोटो पाठवतो. त्याच्याबरहुकूम करून घ्या."

"तुम्ही सांगाल तसं," साडू म्हणाला.

मॉडेल खऱ्या इंजिनासारखं करता करता आता खरं इंजिनच मॉडेलसारखं करायची वेळ आली, याचं कवळीवाल्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही. ज्याची चूक त्याने सुधारावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. साडू दाराबाहेर पडतो न पडतो तोच त्यांनी फोटो काढला आणि पाठवला. मॉडेलचं काम खरं तर अर्धवटच होतं. नवं धुराडं त्यांनी कवळीच्या हिरड्या करायच्या मसाल्यातून घडवलं होतं, कारण तो हाताशी होता आणि लोण्यासारखा घासला जायचा. काळा रंग अजून चढायचा होता. डाव्या बाजूची दांडी वाळत होती. पण वर्षभर धुमसणारा राग दोन दिवस थांबायला तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी साडूचा फोन आला. कवळीवाले तेव्हा कोणाच्या तरी खालच्या जबड्यात गुंतले होते.

"दादा, त्या फोटोतलं धुराडं, म्हणजे ते असंच होतं का? मला जरा…"

"जरा काय? तीन महिने अभ्यास केलाय मी त्याचा."

"तसं नाही. पण रंगारी म्हणतो की…"

"रंगाऱ्याला काय कळतं? त्याने भिंती रंगवाव्यात."

"बरं. आणि ते डाव्या बाजूला जे लाकडी…"

"हे बघा," कवळीवाल्यांचा आवाज चढला, "फोटोत दिसतंय ते जसंच्या तसं करा. केसाचा फरक नको. आणि मध्ये कोणी स्वतःची अक्कल चालवायची नाही. तुम्ही तर नाहीच नाही."

अक्कल न चालवण्याचा हुकूम म्हणजे साडूला पडत्या फळाची आज्ञा. त्याने "बरं दादा" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणत होता एवढं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. रंगारी शहाणपणा करतोय."

"ऐकून तरी घ्यायचं त्याचं."

"ऐकण्यासारखं काय असणार त्यात?"

पुढचे दिवस कवळीवाले घराबाहेर पडले नाहीत. धुराड्यावर काळ्या रंगाचे चार पातळ हात दिले, दांडीवरचा चिमटा काढला, काजळीची छटा आणली. खरं इंजिन बघायला जायची त्यांना गरज वाटली नाही, आणि गेले असते तरी दिसलं नसतं. साहेबांना प्रदर्शनाच्या दिवशी थाटात अनावरण करायचं होतं, म्हणून इंजिनावर कापडाची भलीमोठी खोळ चढवली होती. खोळ शिवायचं काम मंडळातल्याच शिंप्याला मिळालं होतं. हा शिंपी म्हणजे गेल्या वर्षीचा विजेता. त्याचं मॉडेल पुठ्ठ्याचं, चाकं बटणांची, पण त्याने झाकण लावलं होतं. कवळीवाले त्याच्याशी बोलत नसत. समोर उभं आहे त्याचं माप घ्यायचं, पोट सुटलेलं असलं तर सुटलेल्या पोटाचं घ्यायचं, ही त्या माणसाची वृत्तीच त्यांना मान्य नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी बागेत मांडव घातला होता. मॉडेलं एका लांब बाकावर मांडलेली, समोर खोळीतलं इंजिन. कवळीवाल्यांची बायको आणि मेहुणी मागच्या खुर्च्यांवर. साहेबांनी माइकवरून जुन्या ठेव्याचं महत्त्व सांगितलं, दोरी ओढली आणि खोळ घसरली.

सगळ्यांच्या आधी धुराडं दिसलं. ते गुलाबी होतं. गर्दीतल्या लोकांना ते नुसतंच गुलाबी वाटलं. एकाच माणसाला ती छटा कोणत्या डब्यातली, हे नंबरासकट कळलं. मग डाव्या बाजूला, दांडीला घट्ट धरून, पुरुषभर उंचीचा लाकडी चिमटा दिसला. कपडे वाळत घालायचा. पॉलिश केलेला. मधली स्प्रिंग मनगटाएवढ्या जाड सळईची होती.

साडू उजळलेल्या चेहऱ्याने जवळ आला आणि कानात म्हणाला, "जमलं का, दादा? लाकडाच्या कामाला सुताराने चार दिवस घेतले. स्प्रिंग तर मिळतच नव्हती, लोहाराकडून वळवून घेतली."

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?" कवळीवाल्यांच्या दातांमधून शब्द बाहेर आले.

"तुम्हीच की. मला ते कपड्यांच्या चिमट्यासारखं वाटलं होतं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. साडूची, रंगाऱ्याची, सुताराची आणि लोहाराची एकाच दमात सालटी काढायला कवळीवाल्यांनी छाती भरून घेतली, तेवढ्यात परीक्षक त्यांच्या मॉडेलपाशी येऊन उभे राहिले. परीक्षक म्हणजे निवृत्त ड्रॉइंगमास्तर. हातात मोजपट्टी, मानेत जन्मभराचा संशय.

"काम सुबक आहे," मास्तर म्हणाले. "पण तुमचं धुराडं काळं आहे."

"इंजिनाचं धुराडं काळंच असतं."

"समोर गुलाबी दिसतंय. आणि डाव्या बाजूचा तो लाकडी भाग तुमच्याकडे नाहीच."

"मास्तर, तो कपड्यांचा चिमटा आहे."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तो काय आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी लावला नाही?"

कवळीवाल्यांचा आवाज आता मांडवभर गेला. "तिथे तो असायलाच नको. ते इंजिन साफ चुकलंय."

माइक हातात घेऊन साहेब दोन पावलं पुढे आले. त्यांचा चेहरा बदलला होता. "चुकलंय? मी आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं, मूळ स्वरूपात आहे म्हणून. कोणी केलं हे?" आणि त्यांची नजर फिरत फिरत साडूवर येऊन थांबली. "तुम्ही करून घेतलंत ना? कोणाला विचारून?"

साडू जमिनीकडे बघत राहिला. खिशात फोन होता, फोनमध्ये फोटो होता, आणि पाठवणाऱ्याचं नावही होतं. पण त्याने खिशाला हात लावला नाही. दादांचं नाव घ्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या खुर्चीवर मेहुणी उभी राहिली होती. या महिनाअखेरीला साडूच्या कागदावर सही व्हायची होती, हे तिला ठाऊक होतं, तिच्या बहिणीला ठाऊक होतं आणि कवळीवाल्यांनाही ठाऊक होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दातांत सगळा जन्म घालवूनही ही म्हण एवढी दुखते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. भरून घेतलेली छाती तशीच राहिली. मान लाल झाली, मग कान.

"त्यांनी मला विचारून केलं," कवळीवाले म्हणाले. "इंजिन बरोबर आहे."

"मग हे मॉडेल?" मास्तरांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

साहेबांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"माझं चुकलं," कवळीवाले म्हणाले.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. पहिला नंबर शिंप्याला मिळाला. खोळीचं माप घ्यायला गेला असताना त्याने जे दिसलं ते टिपून घेतलं होतं. धुराड्याला गुलाबी दोरा गुंडाळला होता आणि काड्यापेटीच्या दोन काड्यांचा चिमटाही केला होता. बक्षीस घेताना तो कवळीवाल्यांना म्हणाला, "तुमच्या मार्गदर्शनाचा फार उपयोग झाला." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि त्याचाच कवळीवाल्यांना जास्त संताप आला.

ते घरी आले. दार आपटलं, चपला भिरकावल्या, आणि टेबलासमोर येऊन उभे राहिले. बायको मागून आली. एरवी सत्तावीस वर्षांत दूध उतू गेलं तर शेगडीचं चुकलेलं असायचं, गाडी सुटली तर घड्याळाचं, आणि मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पत्ता सापडला नाही तर रस्त्याचं. आज तिने जे ऐकलं होतं ते तिला अजून पचलं नव्हतं.

"टेबल राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली.

त्यांनी संशयाने वळून पाहिलं. "मी वचन दिलं होतं."

"मी सोडलं तुम्हाला. गुडघे काय, दुखतातच. फक्त मघाशी माइकवर जे बोललात, ते एकदा घरात बोला. मी मागे होते, नीट ऐकू आलं नाही."

"तुला सगळं ऐकू आलं."

"टाळ्यांत बुडालं हो."

"टाळ्या नंतर वाजल्या."

"मग काय झालं? एकदाच म्हणा. टेबल कायमचं तुमचं."

कवळीवाल्यांनी मुठी वळल्या. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं आणि त्यातून फक्त हवा बाहेर आली. मग ते तरातरा आतल्या खोलीत गेले, पलंगाखालून रिकामं खोकं ओढून आणलं आणि एकेक कानस त्यात फेकायला सुरुवात केली. ड्रिलं गेली, मेण गेलं, दिवा गेला, रूळ उखडले गेले. तासभर घरात नुसता खडखडाट चालला होता. इंजिन शेवटी उरलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळलं, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि कपाटाचं दार जोरात लावलं.

बायकोने टेबलावरून ओला फडका फिरवला आणि दोन ताटं मांडली. दोघं समोरासमोर बसले. दोन वर्षांनी एकमेकांचे चेहरे जेवताना दिसत होते. कवळीवाल्यांनी पहिला घास घेतला आणि लगेच कपाळाला आठी घातली.

"भाजीत मीठ नाही."

"हो का?" बायकोने चव बघितली. "खरंच की. माझं चुकलं."

आणि ती त्यांच्याकडे बघत शांतपणे जेवत राहिली. कवळीवाल्यांनी मिठाची वाटी पुढे ओढली आणि ताटात गरजेपेक्षा बरंच जास्त मीठ घातलं. मग ती खारट भाजी त्यांनी शेवटच्या फोडीपर्यंत मुकाट्याने संपवली.