सुभेदार आधी मागची बाजू वाचतात

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत कुणी लग्नपत्रिका दिली, की शेजारचे सुभेदार ती आधी उलटी करतात. मागे छापखान्याच्या पत्त्याशिवाय काही नसतं, पण तो वाचून होईपर्यंत मुलीचा बाप दारात ताटकळतो. विजेचं बिल, पाणी बंदची नोटीस, सगळं मागून पुढे. "पाठ बघितल्याबिगर कागदाचं काय खरं न्हाई," हे वर ऐकवतात.

ब्याण्णवला आम्ही इथे आलो, तेव्हा हाच माणूस फक्त पुढची बाजू वाचायचा. सुभेदार साताऱ्याचे, सारी उमर फौजेत गेलेली. निवृत्तीनंतर फौजेच्या विम्याचा कागद आला. कोणकोणत्या दवाखान्यांत गेलं तर विमा चालेल, त्यांची यादी. आपण असले कागद कपाटात कोंबतो. सुभेदारांनी काचेची चौकट करून तो गणपतीशेजारी टांगला. मग सारं जगच यादीतलं नाहीतर यादीबाहेरचं झालं. नाक्यावरचा न्हावी यादीबाहेर. चहात साखर कमी पडली म्हणून महिनाभर मीसुद्धा यादीबाहेर. आम्ही खूप हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

एका दुपारी सुभेदारांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, छातीत कळ आली. समोरच्याच रस्त्यावर नवं हॉस्पिटल होतं. मी रिक्षा आणली.

"ते यादीत न्हाई," सुभेदार म्हणाले. "यादीतलं खाडीपल्याड हाय. टॅक्सी आना."

"अहो, पण समोरच..."

"त्यास्नी म्हाईत असतंय, भावजी," वहिनीच म्हणाल्या. मी शिकलासवरलेला माणूस, गप्प बसलो. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत टॅक्सी अडकली. वहिनी खाडीपर्यंतही पोचल्या नाहीत.

तेराव्याला फोटोसाठी चौकट हवी होती. सुभेदारांनी यादीची चौकट काढून माझ्या हातात दिली. मी खिळे उपसले, कागद काढला. मागे बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. मी त्या मनातच वाचायला हव्या होत्या. मोठ्याने वाचल्या. जिवावर बेतलं असेल तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्यावं, यादीची अट नाही, नंतर कळवावं. जीव वाचवणारी गोष्ट मागे छापणाऱ्याला माझे तळतळाट लागोत. सुभेदारांनी कागद घेतला, दोनदा उलटसुलट केला.

त्याच चौकटीत आता वहिनी आहेत. रोज सकाळी हार घालण्याआधी सुभेदार फोटो भिंतीवरून उतरवतात आणि उलटा करून बघतात. मागे नुसता कोरा पुठ्ठा आहे.

"काय न्हाई लिवलेलं," असं वहिनींना सांगतात, आणि मग हार घालतात.