मागच्या भिंतीच्या रिंगा

आमच्या गोदामात सतरा घरजावई राहतात. त्यातला सगळ्यात जुना म्हणजे तपकिरी मुठीचा एक मिक्सर. आला त्या दिवसापासून कोपऱ्यात बसलाय, जायचं नाव काढत नाही. ही नावं गोदामात माल लावणाऱ्या भोईरकाकांनी ठेवलेली. न खपणारा माल घरजावई, दोन दिवस राहून जाणारा माहेरवाशीण, आणि दुकानदारानं परत धाडलेला म्हणजे रुसून आलेली लेक. मी कामाला लागलो त्या दिवशी काकांनी फर्मावलं, "तीन नंबरच्या रॅकला दोन माहेरवाशिणी हायेत, त्यांना आज लावून दे." मी बराच वेळ बायका शोधत होतो.

गोदाम अंबरनाथला. कुकर, मिक्सर आणि त्यांचे सुटे भाग उल्हासनगर-बदलापूरच्या दुकानांना पुरवायचे, हा धंदा. मी हेंद्रेपाड्यात राहतो, नोकरी सांभाळून सप्लाय चेनचा डिप्लोमा केलाय, स्कॅनर माझ्याशिवाय कुणाला नीट चालवता येत नाही. काका चामटोलीचे, दहावी नापास, चष्मा कायम कपाळावर. पण स्कॅनरला माल सापडेनासा झाला की सगळे त्यांच्याकडे धावायचे. काका मान वर न करता "हितंच आसंल, कुठं जातंय?" म्हणायचे आणि नेमकं खोकं काढून द्यायचे. आमचे सिंधी शेठ मग माझ्याच देखत म्हणायचे, "इस कंप्यूटर को भोईर के पास ट्यूशन लगवा दो."

मी हसायचो आणि आतून जळायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. स्कॅनर चार्जिंगला लावतानासुद्धा वाटायचा.

त्यात गोदाम इन्चार्जची जागा रिकामी झाली. मला ती हवी होती. बायकोला तर मी ती मिळाल्यासारखीच सांगून बसलो होतो. म्हणून मी काकांची चूक शोधायला लागलो, आणि सापडली. सगळ्यात जास्त खप कुकरच्या रिंगांचा, आणि त्याच त्यांनी दारापासून सगळ्यात लांब, मागच्या भिंतीला, स्वतःच्या टेबलाशेजारी रचलेल्या. मी मोजली, जाऊन येऊन एकशे बारा पावलं. शिवाय तिथं गेलेला हमाल लवकर परतायचा नाही. ज्याला मागणी जास्त तो माल दाराशी, हे डिप्लोम्याच्या पहिल्याच धड्यात आहे. मी तीन रंगांत नकाशा काढून शेठसमोर ठेवला.

शेठनी काकांना कारण विचारलं. काका चष्मा पुसत राहिले. "तसं काय नाय. पयल्यापासून तिथंच हायेत," एवढंच म्हणाले. मला उकळ्या फुटल्या.

रिंगा दाराशी आल्या. साडेअकराशिवाय न हलणारा टेम्पो दहाच्या आत सुटायला लागला. महिन्याभरात मी इन्चार्ज झालो, आणि पेढे आणले ते काकांनी. त्याचाही मला रागच आला. हरलेल्या माणसानं निदान तोंड तरी पाडावं.

मग एका दुपारी कुकरचं एक झाकण हवं होतं म्हणून मी मागच्या भिंतीकडे गेलो. मला पाहून काका खुर्चीतून अर्धे उठलेच. टेबलावर बडीशेपेचा डबा झाकण काढून ठेवलेला, काठोकाठ भरलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. आता या बाजूला कुणाचं कामच पडत नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तरी मी विचारलं, रिंगा इथं का ठेवल्या होत्या.

"बायको गेल्यापासून घरात बोलाया कोन नाय," काका म्हणाले. "हितं रिंगांच्या निमित्तानं मानसं यायची. कोन पोरीच्या लग्नाचं सांगायचा, कोन गुडघ्याचं. दिवसभराचं बोलनं हितंच व्हायचं."

मग शेठना हे का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"मना लाज वाटली. आन् तुझं बरोबर हाय, रिंगा दाराशीच पायजेत."

इतकी वर्षं मी त्यांचा हेवा करत आलो, आणि या टेबलापाशी एकदाही थांबलो नव्हतो. मला माल शोधायला स्कॅनर होता.

काकांनी बडीशेपेचा डबा माझ्याकडे सरकवला. "आज बसाया आलास का?"

झाकणासाठी आलोय, हे मी सांगितलं नाही. स्टूल ओढून बसलो.