रोहिणखेडच्या बोलीचे निधन

बोलीच्या नकाशात प्रत्येक शब्दाला गाव आणि काळ जोडलेला असावा, असा नियम आहे. काळाला दोन टोकं लागतात. बोली सुरू कधी झाली हे कोणाला सांगता आलं नाही तरी चालतं. संपली कधी, ते मात्र नकाशासाठी आवाज नोंदवणारं यंत्र स्वतःच ठरवतं.

पुण्याहून आलेले प्रसेनजित सर रोहिणखेडला झुंबरबाईंच्या ओसरीवर माइक लावून बसले, तो श्रावणी सोमवार होता. बाईंचं दिवेलागणीपर्यंत मौन. सरांनी सूप, केरसुणी, उलथनं असं एकेक दाखवून याला काय म्हणता म्हणून विचारलं. बाईंनी हात जोडले, चहा दिला. यंत्राने शांतता तपासून नोंद केली: अखेरचा वयोवृद्ध वक्ता उपलब्ध, बोली समाप्त.

सगळी सरकारी यंत्रं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे ही वार्ता रेशनच्या मशीनलाही लगेच कळली. संपलेल्या बोलीची शेवटची बोलणारी जिवंत कशी असेल, एवढा विचार तिने केला.

मंगळवारी दुकानदार अन्वरभाईंनी बाईंचा अंगठा पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

"काकू, तुम्ही काल वारल्या म्हनते हे."

"काल त मले उपास होता, बापा. मराले फुरसत कुठी होती? गहू दे."

"मेलेल्याले कसा देऊ? वरून फोन येते मले."

सरांना बोलावणं गेलं. बाई माइकसमोर स्वच्छ बोलल्या, "मी जित्ती हाव. मले गहू पाह्यजे." यंत्राने तो आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांत ठेवला. बोली सोमवारी संपली, तेव्हा तिच्यात बोललेलं सगळं त्याआधीचंच असणार. सरांनी या दुर्मीळ ठेव्याबद्दल बाईंचं अभिनंदन केलं.

उपाय एकच होता, गावाने त्या बोलीत साक्ष द्यायची. सरपंच महादेवराव सकाळपासून पारावर तापले होते. "आपली बोली मेली कशी बे? मी काय बोलून राह्यलो मंग?" माइक समोर आला तसं त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "आम्हां ग्रामस्थांना आपल्या बोलीभाषेचा सार्थ अभिमान आहे." अन्वरभाईंनी त्यांना शुद्ध मराठीत अनुमोदन दिलं. सुनेने तर 'पूजनीय सासूबाई हयात आहेत' असं पदर सावरून सांगितलं. यंत्राने स्थानिकांच्या दुजोऱ्यासह समाप्ती कायम केली.

"घरी मले बोलतानी बरी येते इले," झुंबरबाई सुनेकडे पाहत एवढंच पुटपुटल्या.

अपिलाची सोय आहे. बाहेरगावचा साक्षीदारही चालतो. आजीच्या तोंडून बोली ऐकलेला कोणीही, फक्त बोलायचं त्याच बोलीत. म्हणून तर हे तुमच्यापर्यंत आणलं. पण वाचता वाचता तुम्ही हसून म्हणालात, "किती गोड बोलतात, नाही, ही माणसं?"

तुमची साक्ष नोंदवली आहे. अन्वरभाई दुकानाचं शटर ओढताहेत, आणि बाई रिकामी पिशवी घेऊन पायरीवर बसल्या आहेत.