बिलोलीकर काकांची हलकी खडी

घरी आलेल्या माणसाला पाणी दिलं की तो पितो. बिलोलीकर काका त्यात खडा टाकतात.

खिशात तपकिरी गोट्या असतातच. एक काढायची, पेल्यात सोडायची आणि ती तरंगायला लागली की यजमानाच्या तोंडाकडे बघत राहायचं. "पाहिलंत? ही खडी आहे. स्लॅबमध्ये घालायची. कायकू उगीच घरावर वजन?" मग तो पेला बाजूला सारून दुसरा मागायचा. काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत काका येताना दिसले की बायका आधीच दोन पेले भरून ठेवतात.

काका सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. माती भट्टीत अशी भाजायची की ती ज्वारीच्या लाहीसारखी फुगावी, आणि दगडाच्या खडीऐवजी काँक्रीटमध्ये तीच वापरायची, हा त्यांचा जन्माचा ध्यास. हैदराबादेत कुठेही खणा, ग्रॅनाइट लागतो. अशा गावात मातीच्या खडीचं कौतुक सांगत फिरणाऱ्या माणसाचं वरिष्ठांनी काय करावं? चहा पाजला आणि बदली केली. काका हे हसत हसत सांगतात, "पण गोटी प्रत्येक साहेबाने ठेवून घेतली जी!"

लग्नाला गेले तर अक्षता टाकण्याआधी हॉलच्या तुळया बघतात. अंबरपेठेत एका बारशाला माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरवल्याशिवाय जेवायला बसले नाहीत. स्वतः काका मात्र अंगाने अस्सल ग्रॅनाइट. ऑटोत बसले की चालक दचकून मागे बघतो.

सगळ्यांसारखा मीही हसायचो. मग आक्काचा प्रश्न आला.

आक्का माझी थोरली बहीण. वडील लवकर गेले. नांदेडला शाळेत शिकवून तिने मला शिकवलं आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे यावी असं मला फार वाटत होतं, पण आमचं घर जुनं, दोन खोल्यांचं. वर एक खोली चढवावी म्हटलं तर येईल तो कंत्राटदार भिंतीवर टकटक करून मान हलवी. एवढं वजन पेलणार नाही, पाडून नवं बांधा. तेवढी ऐपत कुठे होती? आक्का फोनवर म्हणाली, "दिलसुखनगरला एखादी भाड्याची खोली बघ रे. मला काय, एकटीची सवय आहे." 

काकांच्या कानावर हे गेलं आणि दुसऱ्या सकाळी ते फावडं घेऊन दारात हजर. पाया उकरून पाहिला, भिंती ठोकून पाहिल्या, गच्चीवरचा जुन्या चुन्याचा जाड थर काढायला लावला. हिशेब मांडला आणि "माझ्यावर भरवसा नक्को" म्हणत दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून आणला. भिंतींना हलक्या विटा, वर हलक्या खडीचा स्लॅब. खोली जमत होती!

स्लॅबच्या आदल्या दिवशी काकांनी पोतीच्या पोती गोट्या हौदात भिजत घातल्या. मल्लेश मेस्त्रीने कपाळाला हात लावला. "पत्थर कौन भिगाता सार? सुबे चने का सालन बनाते क्या?"

"कोरडी राहिली तर सिमेंटचं पाणी पिऊन टाकते ती," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर जरा जास्त वेळ चालला की काका ओरडत, "बस, बस! गोट्या वर येतील!" एरवी जड खडी तळाला बसण्याची भीती, इथे सगळं उलटं. मल्लेश पुटपुटत होता, पण स्लॅब झाला आणि झकास झाला.

मग काका रोज संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायला येऊ लागले. आक्काही तोवर नांदेड सोडून आली होती. पाणी मारून झालं की ती चहा करी आणि दोघं तावातावाने वाद घालत, कधी शाळांवर, कधी निजामाबादच्या नि नांदेडच्या वांग्यांवर. आठवडे गेले. प्लास्टर झालं, रंग झाला, आक्का वर राहायला गेली, तरी काकांचं पाणी मारणं चालूच.

"अजून किती दिवस पाणी लागतं गं?" मी आक्काला एकदा विचारलं.

"लागत नाही. भिजलेली गोटी आपलं पाणी आतून सिमेंटला पुरवत राहते. वरून सुरुवातीला घातलं की झालं. त्यांनीच समजावलंय मला."

"मग हे रोज..."

"काकू गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी चहा कोण विचारतं त्यांना?" आक्का म्हणाली. "तू काही बोलू नकोस."

 माझी बहीण माझ्या घरात सुखाने राहते आहे ती या माणसामुळे. त्याचे उपकार कसे फेडावेत हे मला सुचत नव्हतं, आणि ते फेडणं एका कप चहाइतकं सोपं असेल असं तर वाटलंच नव्हतं.

पण काका पडले प्रामाणिक इंजिनिअर. परवा पाइप गुंडाळून ठेवत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "बाई, स्लॅब आता पक्का झाला. उद्यापासून यायची जरूर नाही."

 मीच पुढे झालो. "काका, तो पलीकडचा कोपरा मला अजून कोरडा वाटतोय."

काँक्रीटमधलं माझं अज्ञान साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. काका माझ्याकडे बघत राहिले. मग कोपऱ्याकडे बघितलं.

"हौ," ते हळूच म्हणाले, "वाटतोय खरा. रोजच बघावं लागेल."

आक्काने पाइप उचलून त्यांच्या हातात दिला आणि ती चहा ठेवायला आत गेली.