फुलाला विचारून येतो

मोताळ्यातल्या सलीमचाचांच्या स्टुडिओत बाईमाणसाचा फुलाशिवाय फोटो निघत नाही. आधार कार्डाचा असला तरी. फोटो गळ्यापाशी कापलेला, फूल खाली मांडीवर, ते दिसणार कुणाला, असं विचारलं की चाचा म्हणतात, "फूल हातात असलं का मान बराबर बसते."

हे खूळ त्यांच्या आजोबांपासूनचं. आजोबांनी काचेवर काढलेले फोटो चाचांनी अजून कापसात गुंडाळून ठेवलेत. प्रत्येकीच्या हाती वेगळं फूल. कमळ म्हणजे धीर, जाई म्हणजे लाज. चाचांच्या हाती आल्यावर ही विद्या पार गावठी झाली. निवडणूक हरलेल्या एका बाईंना त्यांनी बेशरमचं फूल दिलं. बाई तणतणल्या. चाचा शांतपणे म्हणाले, कितीही तोडा, हे पुन्हा उगवते. पुढच्या खेपेला बाई सरपंच झाल्या आणि तोच फोटो ग्रामपंचायतीत लागला.

माझ्या लग्नाआधी स्थळांना दाखवायला फोटो हवा होता. चाचांनी मला न्याहाळलं, "थांब बेटा, फुलाले विचारून येतो," म्हणाले आणि पडद्यामागे गेले. हे त्यांचं नेहमीचंच. आत जाऊन बिडी ओढतात, असं आमचं ठाम मत. आणला झेंडू. मी गुलाबासाठी भांडले. ते पुन्हा आत गेले आणि आणखी एक झेंडू घेऊन आले. फोटोत माझे गाल फुगलेले आहेत. नवरा म्हणतो, निदान फसवणूक तरी झाली नाही.

गेल्या महिन्यात चाची वारल्या. कंबर मोडल्यापासून त्या आतच पडून असत, एवढंच आम्हाला माहीत. परवा स्टुडिओ उघडला, तेव्हा मी लेकीला घेऊन गेले. तिला अकोल्याला नोकरी लागलीय, घरात तिचा फोटो असावा म्हणून.

चाचांनी तिला न्याहाळलं, नेहमीसारखे आत गेले, पण बराच वेळ आलेच नाहीत. मी पडदा सारला. मागच्या अंगणात फुलांनी भरलेल्या कुंड्या, त्यांच्यासमोर रिकामी खाट. चाचा खाटेपाशी उभे होते.

"मले फुलातलं काही समजत नाही बेटा," ते म्हणाले. "मी नुसता सांगत होतो, कोण आली, कशी बसली, कशी बोलली. फूल चाचीच निवडे."

"माझा झेंडूसुद्धा?"

"तू भांडली म्हणून दुसऱ्यांदा आलो, तं हासली. म्हणे, भांडते तं टिकन. झेंडूच दे."

इतकी वर्षं मी त्या झेंडूवर रुसून होते. ज्या बाईने मला न बघता ओळखलं, तिचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलं नाही. फार लाज वाटली.

मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "सांगा चाचा. पोरगी कशी बसलीय?"

चाचांनी डोळे पुसले आणि सांगायला लागले.