दोन खाचा, तीन पाद्रिनो

सोराइदाने कढईतलं केळं उलटलं, झारा काठावर आपटला आणि नवऱ्याला शेवटचं सांगून टाकलं, "सान हुआनच्या सणाच्या नाचाला तुझी ही गिटार घरघरली ना, तर मी माइक तिथेच ठेवणार, समोरच्या मांडवात जाणार आणि 'नदीच्या वाघां'च्या बँडबरोबर गाणार. कळलं?"

"घरघरत नाही गं ती," फाउस्तिनो म्हणाला. "जरा गुणगुणते."

"गुणगुणते? परवा नगराध्यक्षांच्या मेहुणीच्या वाढदिवसाला तिच्यातून प्रवचन चालू झालं होतं!"

हे मात्र खरं होतं. ऐन रंगात आलेल्या कुंबिया नाचामध्ये फाउस्तिनोच्या गिटारने कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडलं आणि स्पीकरमधून एक भारदस्त आवाज गरजला, "पाप्या, अजून वेळ गेलेली नाही, घरी परत जा!" नाचणारे जागच्या जागी थांबले. दोघंतिघं खरोखरच घरी गेले. तेव्हापासून आमच्या पुकाल्पात फाउस्तिनो कुठेही दिसला की पोरं छातीवर हात ठेवून त्याला पापांची क्षमा मागायची.

फाउस्तिनो तानान्ता दिवसा पंखे दुरुस्त करायचा आणि शनिवार-रविवारी 'उकायालीचे पोपट' या बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुकाल्पाच्या उकाड्यात पंखेवाल्याला देवाखालोखाल मान, तेव्हा घर पंख्यांवर चालायचं. जीव मात्र गिटारवर. आणि त्या जीवाचा अर्धा भाग सोराइदाच्या गळ्यात होता. ती 'वाघां'कडे गेली तर पोपटांचं काय व्हायचं ते होवो, आपण घरी जेवायला कुणासमोर बसायचं, हा खरा प्रश्न होता.

तो लगेच उठला आणि वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने गिटार कानाला लावली, एकदा हलवली आणि डॉक्टरासारखा चेहरा करून म्हणाला, "पिकअप गेले. दोन्ही."

पिकअप म्हणजे तारांखालचे ते लोहचुंबक, केसासारख्या तांब्याच्या तारेत गुंडाळलेले. तारांचा आवाज तेच पकडतात आणि पुढे स्पीकरकडे धाडतात. फाउस्तिनोच्या गिटारला दोन होते.

"उघडून बघता का जरा?" फाउस्तिनोने विचारलं.

"उघडून काय बघायचंय? दमट हवा. सगळ्यांचे जातात." दुकानदाराने काचेखालची एक जोडी दाखवली आणि किंमत सांगितली. फाउस्तिनोने ती ऐकली आणि गिटार इतक्या हळू पिशवीत घातली, की जणू तिने ती किंमत ऐकू नये.

"यापेक्षा स्वस्तातलं?"

"स्वस्तातले तीन प्रकार आहेत," दुकानदार म्हणाला. "वाईट, फार वाईट आणि चिनी. त्यातले चिनी कधीकधी चांगले निघतात. कुठले ते मात्र घेतल्याशिवाय कळत नाही."

बाहेर फळीवर बसून उसाचा रस पिताना फाउस्तिनोला मार्ग सुचला. मार्ग साधाच होता, आमच्याकडे कुणालाही सुचला असता. आमच्याकडे लग्नाचा केक असो, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचे बूट असोत, नाहीतर शाळेच्या संघाचा चेंडू, खर्चाची गोष्ट म्हटली की तिला एक पाद्रिनो शोधायचा. ती वस्तू त्याने आणायची, चारचौघांत त्याचं नाव पुकारायचं, आणि त्याने मिशीवरून हात फिरवायचा. बाई असली तर माद्रिना, आणि मिशीऐवजी पदकाची साखळी. केकला पाद्रिनो मिळतो तर पिकअपला का नाही?

पिकअप दोन, तेव्हा पाद्रिनो दोन हवेत. पण माणसं ऐनवेळी आजारी पडतात, हे फाउस्तिनोला ठाऊक होतं. म्हणून त्याने तिघांना विचारलं. लाकडाच्या गिरणीचे मालक कासिमिरोशेठ हे पहिले. बाजारात पानात बांधलेल्या भाताचे हुआने विकणाऱ्या ओर्तेन्सियामावशी दुसऱ्या. आणि तिसरा रोमुलोभाऊ, बोटीवरचा निवृत्त इलेक्ट्रिशियन. तो इतका चिक्कू की चर्चमध्ये दानाची पिशवी पुढे आली की त्याला नेमका खोकला यायचा. रोमुलो नाही म्हणणार याची फाउस्तिनोला खात्री होती, किंबहुना म्हणूनच त्याला विचारलं होतं.

तिघंही हो म्हणाले.

"हो म्हणाला? रोमुलो?" सोराइदाने हातातलं ताट खाली ठेवलं. "त्याला ताप आहे का बघ."

"आता एकाला नाही म्हणायला हवं."

"पाद्रिनोला नाही म्हणणार? वेड लागलंय का तुला? एकदा तोंडातून शब्द गेला तो गेला. तिघांनाही गावभर सांगून झालंय. कासिमिरोशेठ नवीन शर्ट शिवतायत!"

तिघांचे पिकअप आठवडाभरात आले. कासिमिरोशेठनी लीमाहून सोनेरी झाकणाचा मागवला होता. मखमली डबीत होता. "मी दुकानदाराला एवढंच सांगितलं," शेठ म्हणाले, "स्वस्तात दे, पण दिसायला महाग दे." तो जोडपिकअप होता, म्हणजे दोन एकत्र बांधलेले. गिटारच्या खाचेत तो बसायचा तर अर्धी गिटार कापून काढावी लागली असती.

ओर्तेन्सियामावशींनी मात्र बाजारातल्या रीतीने खरेदी केली होती. "मला काय कळतंय त्यातलं? मी तराजू मागवला. सगळे एकेक करून तोलले. जो जड भरला तो उचलला. मेला म्हणत होता की हा वेगळा आहे, वेगळा आहे. म्हटलं, वेगळा असेल तर आणखी स्वस्तात दे." तो बास गिटारचा होता. त्याला चारच तारा समजायच्या. सहा तारांच्या गिटारवर तो लावला तर दोन तारांना आयुष्यभर मुकं बसावं लागलं असतं.

रोमुलोभाऊने विकत काहीच आणलं नव्हतं. त्याने जुन्या पंख्याच्या मोटरमधली तांब्याची तार काढली होती, शाळेच्या फळ्यावरून पडलेले लोहचुंबक घेतले होते आणि बायकोच्या शिलाई मशिनवर ते सगळं गुंडाळलं होतं. "दुकानातले मशिनवर बनतात, हाही मशिनवरच बनलाय. फरक काय?" तो म्हणाला. त्यावर गुलाबी दोऱ्याचा एक धागा अजून लोंबत होता.

"पंखा कुणाचा होता?" फाउस्तिनोने विचारलं.

"तुझाच. गेल्या वर्षी दुरुस्तीला दिला होतास ना मला, मदत म्हणून?"

आता सगळं फाउस्तिनोच्या अंगाशी आलं. सान हुआनच्या आदल्या दिवशी दुपारी सोराइदा केळीच्या पानात भाताचे गोळे बांधायला शेजारी गेली, तशी त्याने दार लोटलं, गिटार टेबलावर उताणी ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. जगातल्या कुठल्याही पंख्याचं पोट हा माणूस डोळे मिटून फाडायचा, पण स्वतःच्या गिटारला हात लावायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. कसंबसं झाकण निघालं. तीनपैकी कुठले दोन लावावेत म्हणून तो आत डोकावला, आणि तिथे त्याला एक काळी तार दिसली. एका टोकाला सुटलेली. लोंबत असलेली.

फाउस्तिनो तिच्याकडे बघतच राहिला. पंखा असता तर सगळ्यात आधी त्याने हीच तार बघितली असती. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावलेही असते, "ही अर्थिंगची तार आहे साहेब, ही तुटली की घरघर होणारच." त्याने खालमानेने सोल्डरिंगची कांडी तापवली, तार जागेवर चिकटवली आणि जुन्याच पिकअपसकट गिटार स्पीकरला जोडली.

शांतता. घरघर नाही, रेडिओ नाही, प्रवचन नाही. शेजारच्या अंगणात कोंबडी माती उकरत होती ते ऐकू आलं. आनंदाने फाउस्तिनोने एक उडी मारली, आणि खाली येता येता त्याला तीन पाद्रिनो आठवले.

त्यांना काय सांगायचं? की तुमची भेट मला लागलीच नाही? कासिमिरोशेठचा शर्ट शिवून तयार होता. मावशींनी पदक पॉलिश केलं होतं. रोमुलोने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काही दिलं होतं, आणि ते नाकारलं असतं तर त्याने पुन्हा कधी दिलं नसतं. फाउस्तिनोने बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्याची नजर कुठला पिकअप वाजायचा ते ठरवणाऱ्या गिटारवरच्या खटक्याकडे गेली. खटका वर, मधे, खाली. तीन जागा!

त्याने तिन्ही पिकअप पिठाच्या डब्याच्या तळाशी खुपसले, खटक्याच्या शेजारी रंगाने तिघांच्या नावांची बारीक तीन अक्षरं काढली आणि सोराइदा आल्यावर छाती काढून सांगितलं, "बसवले. तिन्ही."

"दोन खाचांत तीन?"

"दोन वर आणि एक आत. आतल्या बाजूला."

 सोराइदाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि पिठाचा डबा उचलला. फाउस्तिनो दोन पावलं पुढे सरकला, पण तिने वरवरचं मूठभर पीठ घेऊन डबा जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या मैदानात सगळं गाव लोटलं होतं. प्रत्येकाच्या हातात हुआने आणि बिअर. एका बाजूला पोपटांचा मांडव, समोर वाघांचा. तिन्ही पाद्रिनो अगदी पुढच्या खुर्च्यांवर, लग्नातल्या मानकऱ्यांसारखे. सोराइदाने माइकवर तिघांची नावं पुकारली, टाळ्या पडल्या, कासिमिरोशेठनी गिटारवर फुलाने बिअर शिंपडली आणि पहिलं गाणं सुरू झालं.

घरघर अजिबात नाही. स्पीकर काचेसारखा स्वच्छ! लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. फाउस्तिनोने खटका वर केला आणि शेठकडे पाहून मान लववली. शेठ शेजाऱ्याला म्हणाले, "ऐकताय? सोनं वाजतंय, सोनं!" खटका मधे आला तसा मावशींनी छातीवर हात ठेवला. "वजन बघा आवाजाला! मी तोलून घेतलाय." खटका खाली गेला आणि रोमुलोने डोळे मिटले.

इथवर सगळं झकास. पण घरघर गेली होती, आणि तिच्याआड इतके दिवस जे काही लपलं होतं ते आता उघड्यावर आलं होतं. फाउस्तिनो चुकायचा. फार नाही, पण दर गाण्यात दोनदा-तीनदा बोट घसरायचं. पूर्वी त्या सगळ्या गोंगाटात चार सुरांचा पत्ता कुणाला लागणार? आज मात्र प्रत्येक चूक मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येत होती. नाचणारे अडखळले. समोरच्या मांडवात वाघांचा मालक हसला आणि त्याने सोराइदाकडे बघून बिअरची बाटली उंचावली. 

मध्यंतरात कासिमिरोशेठ सगळ्यांत आधी त्याच्याजवळ आले. आवाज खाली. "फाउस्तिनो, कुणाला बोलू नकोस. माझा पिकअप सुराला कच्चा निघाला. फसवलं मला लीमावाल्याने. मी दुसरा आणून देतो, गुपचूप."

ते जातात न जातात तोच मावशी. "बाळा, मधेच ते जे भलतंच वाजलं, ते माझंच होतं ना? मेल्याने वजनात वाळू भरली असणार. मी बघते त्याला. तू फक्त कुणाला सांगू नकोस."

रोमुलो सगळ्यांत शेवटी आला, पडलेल्या चेहऱ्याने. "वेढे मोजताना बायकोने जेवायला हाक मारली होती रे. तिथेच घोळ झाला."

"जाऊ द्या हो, होतं असं," फाउस्तिनोने तिघांनाही सांगितलं, आणि तिघांनीही त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

मग सोराइदा आली. पदराला हात पुसावेत तसे तिने झग्याला हात पुसले. "पिठाच्या डब्यात तीन पिकअप आहेत," ती म्हणाली.

फाउस्तिनोची बिअर तोंडाशी नेता नेता थांबली. "कधी कळलं तुला?"

"काल. डबा उचलला तेव्हाच. एवढं जड पीठ मी कधी आणलंय? रात्री आत हात घालून मोजलेसुद्धा."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकायचं होतं मला, काय वाजतं ते. ऐकलं. सगळं ऐकलं."

फाउस्तिनोने समोरच्या मांडवाकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे. "वाघांचा गिटारवाला कधी चुकत नाही," तो पुटपुटला. "जा तू. मी काही म्हणणार नाही."

"गाढवा! घरघरीला माझा विरोध कशासाठी होता असं वाटतं तुला?" सोराइदाने त्याच्या हातातली बिअर घेतली आणि एक घोट प्यायली. "लग्नाच्या आधीपासून तू चुकलास की मी आवाज चढवायचे. झाकून टाकायचे. हल्ली त्या घरघरीत मला ऐकूच येईना तू कुठे घसरतोस ते, आणि मी भलत्याच जागी ओरडायचे. लोक म्हणायला लागले की सोराइदाचा गळा गेला. रडले मी एकदा. आज पहिल्या भागात अंदाज येईना. आता येतोय. चल, उठ."

दुसऱ्या भागात फाउस्तिनो तसाच चुकला, नेहमीच्याच जागी. पण जिथे जिथे बोट घसरलं तिथे तिथे सोराइदाचा आवाज असा काही वर गेला, की मैदानातून शिट्ट्या पडल्या. वाघांच्या मांडवातलीसुद्धा माणसं इकडे नाचायला आली. पुढच्या रांगेत तीन पाद्रिनो पुन्हा ताठ बसले. पिकअपला बसायला जरा वेळ लागतो, असं शेठ आता सगळ्यांना समजावून सांगत होते.

शेवटच्या गाण्याआधी सोराइदाने माइक तोंडाशी धरला. "लोकहो, नव्या पिकअपच्या पाद्रिनोंसाठी टाळ्या! आणि अजून एक गोष्ट राहिलीय. आमच्या फाउस्तिनोच्या बोटांना एक पाद्रिनो हवाय!"

समोर तीन हात एकदम वर गेले. सगळ्यांत आधी रोमुलोचा.