नाबुकेन्याच्या गोमेसीचे खांदे

"माझ्या वेबसाइटवर गिऱ्हाईक एकदा शिरलं की हरवणार नाही म्हणजे नाही!" कम्पालाच्या ऑफिसात लुबेगाने छाती फुगवून सांगितलं.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. एका कपड्याच्या दुकानासाठी त्याने ही वेबसाइट बांधली होती. पुढे एक सर्व्हर दारवानासारखा उभा, मागे राबणारे दोन. गिऱ्हाईक लॉग-इन झालं की त्याला एक लांबलचक नंबर मिळे आणि तो वेबसाइटच्या पत्त्याला शेपटासारखा चिकटे. पुढचा सर्व्हर ते शेपूट बघून माणसाला बरोबर त्याच्या मशीनकडे धाडी. जुन्यापान्या फोनवरसुद्धा चाले!

पहिलं गिऱ्हाईक घरचंच. शनिवारी लुबेगाच्या धाकट्या बहिणीचं, नाबुकेन्याचं, क्वांजुला होतं. नवऱ्याकडची मंडळी मागणी घालायला येणार, आणि मुलीसाठी गोमेसी हा सणासुदीचा पायघोळ पोशाख घेण्याचा मान आत्याचा. नालवोगा आत्याने लॉग-इन केलं, उंच खांद्यांची जांभळी गोमेसी निवडली, नाबुकेन्याची मापं भरली आणि भाच्याच्या कौतुकाने तिचा ऊर भरून आला. तिने तो पत्ता शेपटासकट उचलला आणि घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. 'बघा रे, आपल्या पोराने काय बांधलंय!'

थोड्याच वेळात तिचा फोन आला.

"लुबेगा, माझी गोमेसी हिरवी झाली!"

"आत्या, तुझा हात लागला असेल."

"माझा हात नीट आहे! मी जांभळी केली की हिरवी होते. परत जांभळी केली, आता पिवळी! तुझ्या वेबसाइटमध्ये सरडा शिरलाय का?"

"अशक्य! प्रत्येकाला वेगळा नंबर आहे," लुबेगा ठसक्यात म्हणाला. तेवढ्यात मुकीबी काकांचा फोन.

"शाब्बास रे! दार उघडताच 'या नालवोगा, स्वागत आहे' म्हणते. म्हटलं, आत्याने सगळ्यांचं मत मागितलंय. हिरवा रंग मीच केला."

लुबेगाने फोन तसाच कानाशी धरला. ग्रुपवरची लिंक त्याने स्वतः उघडली. 'या नालवोगा, स्वागत आहे!' शेपटीत आत्याचा नंबर होता, त्यामुळे लिंक उघडणारा प्रत्येक जण त्याच्या सर्व्हरच्या लेखी आत्याच होता! कम्पालापासून मसाकापर्यंत अख्खं घराणं नालवोगा बनून एकाच गोमेसीला ओढत होतं.

"काका, आणखी काय केलंत?"

"काही नाही रे. मापं विचारली, मी माझ्या कोटाची दिली."

"आणि ऑर्डर पक्की कोणी केली?"

"ती मसाकाच्या मावशीने. तिला वाटलं, ते बटण 'छान आहे' म्हणायला असतं."

लुबेगा जेवण सोडून कामाला बसला. शेपूट छाटलं. नंबर पत्त्यातून काढून ब्राउझरच्या पोटात लपवला, आणि प्रत्येक लॉग-इनला नवा. मग तीच लिंक उघडून पाहिली. 'आपण कोण?' सर्व्हरने विचारलं. लुबेगाला त्याची पापी घ्यावीशी वाटली!

पण दुकानात कात्री केव्हाच चालली होती.

शुक्रवारी गोमेसी आली. हिरवीगार, आणि आत नाबुकेन्यासोबत नवरासुद्धा मावला असता.

"दादा, मी ही घालू की हिच्यात राहू?" नाबुकेन्या रडकुंडीला आली.

आत्या मात्र खमकी. तिने कापड मागे चुण्या घालून टाचलं, कमरेला रुंद पट्टा करकचून आवळला. खांदे तेवढे आटेनात. ते कानांच्याही वर, शिडासारखे ताठ उभे राहिले.

शनिवारी नाबुकेन्या अंगणात आली आणि नवऱ्याकडच्या बायका बघतच राहिल्या.

"अगंबाई, केवढे ऐटदार खांदे! कुठली फॅशन म्हणायची ही?"

आत्या मंडपाच्या मधोमध उभी राहिली. "आमच्या लुबेगाची!"

टाळ्या कडाडल्या. नाबुकेन्याने हसून खांदे आणखी उडवले. लुबेगाने उठून वाकून नमस्कार केला. आता एवढ्या लोकांत सर्व्हरचं कुठे सांगत बसायचं?

सोमवारी ऑफिसच्या दारात नवऱ्याकडच्या चार बायका, काखेत कापडं घेऊन.

"खांदेवाला लुबेगा तूच ना?"

"अहो ताई, मी वेबसाइट बांधतो. पुढे एक सर्व्हर असतो, मागे दोन..."

"असू दे की," थोरली कापड टेबलावर पसरत म्हणाली, "मागे दोन कारागीर आहेत तर मग बुधवारपर्यंत होईल!"